लोटा, राष्ट्र आणि स्पर्श

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने स्वतंत्र भारताला त्याची दृश्य ओळख दिली, हे विधान आता पाठ्यपुस्तकी सत्य होऊ पाहते. कोणत्याही रूढ विधानाप्रमाणे याही विधानामागील संहिता तपासणे अगत्याचे आहे. ती संहिता म्हणजे चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेला अहवाल. त्याच्याच आधाराने १९६१ मध्ये ही संस्था उभी राहिली.

अहवालाचा सर्वाधिक गाजलेला भाग लोट्याविषयीचा आहे. लोटा कोणा एका व्यक्तीने घडवलेला नाही, तो अनेक पिढ्यांनी घडवला, असे तेथे म्हटले आहे. पाण्याचे प्रमाण, हातांचा आकार, तोल, किंमत, स्पर्शसुख, दुसऱ्या भांड्यावर आपटताना होणारा नाद असे अनेक प्रश्न अहवाल तपशिलाने मांडतो. मात्र या भांड्याला कोणी शिवायचे आणि कोणी नाही, हा प्रश्न त्या यादीत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये याच प्रश्नावर सत्याग्रह झाला होता. त्यानंतर एकतीस वर्षांनी लिहिलेल्या अहवालात पाणी केवळ वजन आणि आकारमान होऊन येते.

परकीय अभ्यासकांकडून ही अपेक्षा अवाजवी आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो अर्धाच खरा आहे. कारण या अहवालाला पायाभूत ग्रंथाचा मान दिला तो येथील अभिजनांनी. शिवाय ‘अनामिक परंपरा’ ही कल्पना निरागस नव्हे. तांबट अनामिक नव्हता. त्याला जात होती, आळी होती, नावही होते. ते नोंदवण्याची गरज कोणाला भासली नाही, एवढेच. परंपरेचा असाच निर्नाम गौरव करणारी देशीवादी समीक्षाही नकळत राज्यसंस्थेचीच भाषा बोलत असते.

संस्थेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. शेखर कामत यांनी घडवलेले स्टेट बँकेचे १९७१ चे वर्तुळ लिपीवर विसंबत नाही. बहुभाषिक देशात कोणत्याही एका लिपीचा पक्ष न घेणारे चिन्ह घडवणे हे लहान काम नव्हे. परंतु भाषिक तटस्थता म्हणजे सामाजिक तटस्थता नव्हे. पाण्याच्या भांड्याचा जो अर्थ दलित आत्मकथनांनी मराठी वाचकासमोर ठेवला, तो वगळून लोट्याचे सौंदर्यशास्त्र लिहिले गेले, तर त्यातून सिद्ध होणारी ओळख राष्ट्राच्या वतीने बोलणाऱ्यांचीच ठरेल.