पॅनल मोजता, कनेक्टर कोण बघणार?

मंडळी, ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेतली पॅनल आता बांधोबांध दिसतात. शेतकऱ्याने १० टक्के हिस्सा भरला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, पंप आला, फोटो झाले. पण पॅनलखालचा तो काळा कनेक्टर कुणी बघितला?

एमसी-फोर म्हणतात त्याला. दोन टोकं जुळली की दोन पाकळ्या ‘टक्’ करून अडकतात, नुसतं ओढून सुटत नाही. आतली रबरी रिंग धूळ-पाणी अडवते. आयपी ६७ दर्जा म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी बिघाड नको. पण हे सगळं जोड नीट बसला तरच. एक टोक एका कंपनीचं, दुसरं दुसऱ्या कंपनीचं असलं तर बसल्यासारखं वाटतं, पण पाकळी आणि रिंग मापात बसेलच असं नाही. मग ओल शिरते, पिन गंजते, जोड तापतो. आणि डीसी करंट एसीसारखा मधेमधे शून्यावर येत नाही, म्हणून पडलेली ठिणगी लवकर विझत नाही.

शेतकऱ्याने हे ओळखावं ही अपेक्षाच चूक. पंप ताब्यात देतानाच्या कागदावर दोन ओळी वाढवा : दोन्ही टोकं एकाच कंपनीची, पिन क्रिंपिंग टूलनेच दाबलेली. पिळून टेप गुंडाळलेला जोड दिसला तर सही नको.

आणि हो, पंप चालू असताना कनेक्टर कुणीही ओढू नका. देखभाल ५ वर्षं ठेकेदाराकडे आहे, त्यालाच बोलवा.