विश्लेषण : ताप पुन्हा पुन्हा येतोय? धाराशिवमध्ये डॉक्टरांनी शेळीचीही चौकशी करायला हवी

जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले, पण इथल्या शेळीची जात आजही 'उस्मानाबादी' म्हणूनच देशभर ओळखली जाते. काटक, कमी पाण्यात तगणारी, बऱ्याचदा जुळी करडे देणारी ही शेळी दुष्काळी भागातल्या भूमिहीन कुटुंबाचा आधार आहे. मात्र शेळीपासून माणसाला होणाऱ्या एका तापाची चर्चा गावात होत नाही आणि दवाखान्यातही क्वचितच होते. त्याचे नाव आहे ब्रुसेलोसिस.

ब्रुसेलोसिस म्हणजे नेमके काय?

हा 'ब्रुसेला' जिवाणूमुळे होणारा आजार आहे. पशुपालक त्याला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणून ओळखतात, कारण लागण झालेले जनावर अनेकदा गाभडते. गाई-म्हशींत प्रामुख्याने 'ब्रुसेला अबॉर्टस', तर शेळ्या-मेंढ्यांत 'ब्रुसेला मेलिटेन्सिस' आढळतो. माणसाला जास्त त्रास देणारा प्रकार शेळ्या-मेंढ्यांतला आहे.

माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना येणाऱ्या तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला. तो शेळ्यांमधून येतो, हे 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी दाखवले. सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे थांबवल्यावर रुग्ण झपाट्याने घटले.

दूध उकळतो, मग धोका कुठे?

आपल्याकडे दूध उकळूनच प्यायची पद्धत आहे आणि उकळल्यावर हा जिवाणू मरतो. त्यामुळे चहा, खवा किंवा कुंथलगिरीचा पेढा यांना घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो धारोष्ण दुधात. डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचे कच्चे दूध पाजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला ठोस वैद्यकीय आधार नाही. उलट एका तापावर उपाय करताना दुसरा ताप घरात येऊ शकतो.

दुसरा मोठा धोका गोठ्यात आहे. शेळी विताना किंवा गाभडताना बाहेर पडणारे पाणी, वार आणि मेलेले करडू यांत जिवाणू प्रचंड संख्येने असतात. हातावरची लहानशी जखम, डोळे किंवा श्वासावाटे ते शरीरात शिरतात. हे काम बहुतेक घरांत बायका उघड्या हातांनीच करतात. खाटीक, मेंढपाळ आणि पशुवैद्यकांनाही हा धोका असतो.

लक्षणे कोणती?

लागण झाल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी त्रास सुरू होतो. चढ-उतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर व सांधेदुखी, थकवा, घटणारे वजन ही मुख्य लक्षणे. पुरुषांत अंडकोषाला सूज येऊ शकते, गर्भवतींचा गर्भपात होऊ शकतो.

अडचण अशी, की ही लक्षणे टायफॉइड, मलेरिया, क्षयरोग यांच्याशी जुळतात. पाच दिवसांच्या गोळ्या आणि एखादे सलाइन घेतले की ताप उतरतो, पण काही दिवसांनी पुन्हा येतो. ब्रुसेलोसिसवर किमान दोन प्रतिजैविके एकत्र, साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. त्यातली रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे क्षयरोगावरही वापरली जातात. त्यामुळे चुकीच्या निदानावरही रुग्णाला तात्पुरते बरे वाटू शकते. मणक्यापर्यंत पोहोचलेला आजार मात्र रोजंदारीवरच्या माणसाला कायमचा कामातून उठवू शकतो.

शेळी लसीकरणाबाहेर का?

सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध 13,343 कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात ब्रुसेलोसिसची लस आहे ती गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना. शेळ्या त्यात नाहीत.

याला तांत्रिक कारण आहे. शेळ्यांसाठी जगात वापरली जाणारी 'रेव्ह-1' ही जिवंत लस आहे. गाभण शेळीला दिल्यास ती गाभडू शकते आणि चुकून सुई टोचल्यास लस देणाऱ्यालाही लागण होऊ शकते. पण लस देणे अवघड म्हणून तपासणीही करायची नाही, हे पटणारे नाही. पीपीआरची लस देण्यासाठी कर्मचारी शेळीपर्यंत पोहोचतातच. त्याच फेरीत 'या वर्षी किती शेळ्या गाभडल्या?' हा प्रश्न विचारून रक्ताचे नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवणे अशक्य नाही.

शासन अनुदानावर 10 शेळ्या आणि 1 बोकड असा गट देते. त्यासोबत ब्रुसेला तपासणीचा दाखलाही लाभार्थ्याच्या हाती पडायला हवा. शेळी कुटुंबाला उभे करण्यासाठी दिली जाते. तिच्याबरोबर आजार घरात जाऊ नये.

दवाखान्याने काय करावे?

दोन आठवड्यांहून जास्त ताप असलेल्या प्रत्येक रुग्णाला 'घरी जनावरे आहेत का? अलीकडे एखादे गाभडले का? कच्चे दूध प्यायलात का?' हे तीन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. उत्तर 'हो' आले तर रक्ताची ब्रुसेला चाचणी व्हावी. प्राथमिक चाचणी स्वस्त आणि काही मिनिटांची आहे. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळायला हवी. रुग्ण सापडल्यास पशुसंवर्धन विभागाला आणि गाभडलेल्या शेळ्या आढळल्यास आरोग्य विभागाला कळवले जावे. दोन्ही खाती एकाच जिल्हाधिकाऱ्यांसमोर बैठकीला बसतात, तेव्हा एवढा समन्वय अवघड नाही.

पशुपालकांनी काय काळजी घ्यावी?

- शेळी विताना हातमोजे आणि मास्क वापरा. नंतर हात साबणाने धुवा.
- वार व मेलेले करडू उघड्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका. चुना टाकून खोल पुरा.
- गर्भवती महिलांना या कामापासून दूर ठेवा.
- गाभडलेली शेळी लगेच बाजारात काढू नका. आधी वेगळी बांधून पशुवैद्यकांना कळवा. नाहीतर आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जातो.
- ताप उतरला तरी औषधे डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या.
- दवाखान्यात गेल्यावर घरी शेळ्या आहेत, हे विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.