उमेदवारी आणि गुडघ्याचे बाशिंग

अमेरिकेत जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत, उत्तरेकडच्या मैदानांवर बर्फ साचलेला असताना आणि कोठेही एक चेंडू टाकला जात नसताना, बेसबॉलच्या शौकिनांचा सर्वांत आवडता मजकूर छापून येतो, तो म्हणजे होतकरूंच्या याद्या. होतकरू, म्हणजे तेथील भाषेत ‘प्रॉस्पेक्ट’, हा मायनर लीगमध्ये, अर्थात मुख्य व्यावसायिक संघांच्या हाताखालच्या दुय्यम संघांत खेळणारा असा खेळाडू असतो की ज्याने वरच्या मैदानावर अद्याप पाऊल ठेवलेले नसते, परंतु तो ते ठेवील याविषयी अनोळखी माणसे घरबसल्या पैजा लावत असतात. यंदा या याद्यांच्या जोडीला दुसऱ्याही याद्या फिरत आहेत, त्या २०२८च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या होतकरूंच्या. आणि २०२६च्या नोव्हेंबरातील मध्यावधी निवडणूकही व्हायची असताना रिपब्लिकन पक्षात व्हॅन्स की रुबिओ, डेमोक्रॅटिक पक्षात न्यूसम की शपिरो यावर जो खल चालला आहे, त्याला मराठीत ‘बाजारात तुरी’ एवढे दोनच शब्द पुरतात. पहिल्या प्रकारच्या यादीचा मोह आणि दुसऱ्या प्रकारच्या यादीचा तिटकारा हा या सदराच्या लेखकाचा जुना पक्षपात वाचकांना परिचित आहेच.

व्यवस्था थोडक्यात अशी आहे. मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा उतरत्या पायऱ्यांवर चार संघ, म्हणजे एकूण १२० मायनर लीग संघ आहेत. २०२०पर्यंत ही संख्या १६० होती. स्वतःचे खेळाडू स्वतःच्याच वाफ्यात वाढवायचे ही कल्पना सेंट लुइस कार्डिनल्स या संघाच्या ब्रँच रिकी यांनी १९२०च्या दशकात रुजवली आणि तिला ‘फार्म’, म्हणजे शेत, असे नाव पडले. अमेरिकी राजकारणानेही हा शब्द उचलला असून राज्यांची विधिमंडळे आणि नगरपालिका यांना तेथील पक्ष आपले ‘फार्म’च मानतात.

शब्द उचलला, परंतु शेतीची शिस्त मात्र उचलली नाही, ही खरी तक्रार आहे. बेसबॉलमध्ये होतकरूची पारख करणारा स्काउट हा पगारी माणूस असतो. तो गावोगावच्या मैदानांवर, जाळीमागच्या बाकावर, हातात स्टॉपवॉच घेऊन बसतो आणि फटक्यातील नेमकेपणा, फटक्यातील ताकद, धाव, फेक व क्षेत्ररक्षण या पाच अंगांना २० ते ८० या मापावर गुण देतो, ज्यात ५० म्हणजे मेजर लीगचा सर्वसाधारण खेळाडू. या मापाची खुबी अशी की ८० क्वचितच मिळतात, ३० लिहिताना कोणाचा हात कापत नाही आणि मुलगा कितीही लाडका असला तरी त्याची खोड अहवालात नोंदवावीच लागते. राजकीय यादीत असे काहीही नसते. तेथे ‘करिष्मा’ असतो, ‘लाट’ असते, ‘देणगीदारांचा ओढा’ असतो. पण अर्थसंकल्प हाताळण्यात हा गृहस्थ ३०च्या वर जात नाही, असे कोणी लिहून ठेवल्याचे आढळत नाही. शिवाय बेसबॉलची यादी चुकली की पाच वर्षांनी तिची जाहीर चिरफाड होते, तर राजकीय यादी करणारा तोवर पुढची यादी करण्यात गुंतलेला असतो.

बेसबॉलच्या याद्या चुकत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने १९९०पासून शंभर होतकरूंची वार्षिक यादी द्यायला सुरुवात केली आणि १९९२च्या यादीत पहिल्या क्रमांकावर ब्रायन टेलर हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, होता. न्यू यॉर्क यँकीजनी आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक वाटपात, त्याला सर्वांत आधी निवडून १५ लाख ५० हजार डॉलर दिले होते. १९९३च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा डावा खांदा निखळला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. उलट १९८८च्या ड्राफ्टमध्ये माइक पियाझा याची निवड ६२व्या फेरीत, १,३९० वा म्हणून झाली, तीही लॉस एंजेलिस डॉजर्सचे तत्कालीन व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांचा त्याच्या वडिलांशी घरोबा होता म्हणून. ज्याला आपण वशिल्याचे तट्टू म्हणतो ते हे तट्टू पुढे कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसणारा खेळाडू, या जागेवरून सर्वाधिक होमरन मारणारा ठरले आणि २०१६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. वशिल्याचा इतका सत्पात्री विनियोग राजकारणात फारसा सापडत नाही.

स्काउटचा अहवाल आणि राजकारण यांची खरीखुरी गाठ एकाच कागदावर पडलेली पाहायची असेल, तर १९५२च्या उन्हाळ्याकडे वळावे लागते. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील एका इटालियन किराणा दुकानदाराचा वीस वर्षांचा मुलगा त्या वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी २,००० डॉलर देऊन करारबद्ध केला आणि जॉर्जिया राज्यातील ब्रन्सविक येथे, त्या काळच्या सर्वांत खालच्या ‘डी’ श्रेणीत, सेंटर फील्डला खेळायला पाठवला. त्याचे नाव मारिओ क्युओमो. त्याआधी हा विद्यार्थी निरनिराळी बनावट नावे घेऊन गल्लीबोळातील संघांकडून खेळत असे, कारण उघडपणे पैसे घेतले असते तर महाविद्यालयाच्या संघात खेळता आले नसते. ब्रन्सविकला त्याची सरासरी .२४४ होती. सरासरी म्हणजे फलंदाजीच्या एकूण संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण. तेव्हा चार संधींत एक फटकाही त्याला पुरता साधत नव्हता, असा त्याचा अर्थ.

परंतु त्याच्यावरील स्काउटचा अहवाल उपलब्ध आहे आणि तो पुनःपुन्हा वाचण्याजोगा आहे. फलंदाजी सरासरीपेक्षा खालची, ताकद मात्र चांगली. बॅट खालून वर उचलून फिरवण्याची खोड, जी शिकवून घालवावी लागेल. फलंदाजी सुधारली तर पार वरपर्यंत मजल मारू शकेल, अशा तांत्रिक बाबी आधी येतात. मग स्काउट माणसाकडे वळतो. हा बुद्धिमान आहे, सहजी जवळ येऊ देत नाही, पण वरचे कवच भेदून जे आत पोहोचतात त्यांना तो फार आवडतो, आणि कोणी वाटेत आले तर त्याला तुडवून पुढे जाईल, असा त्याचा अभिप्राय आहे. पुढे तीन वेळा गव्हर्नर झालेल्या या पुढाऱ्यावर राजकीय पत्रकारांनी वर्षानुवर्षे जे रकाने भरले, त्यांचा अर्क एका बेसबॉल स्काउटने एका उन्हाळ्यातच काढून ठेवला होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच हंगामात एक चेंडू क्युओमोच्या डोक्यात बसला, रुग्णालय झाले आणि व्यावसायिक बेसबॉल तेथेच संपला. योगायोग असा की पायरेट्सचा कारभार तेव्हा फार्मचे जनक ब्रँच रिकी यांच्याच हाती होता आणि त्याच सुमारास त्यांनी आपल्या मुख्य संघाच्या फलंदाजांना प्लास्टिकचे शिरस्त्राण घालायला लावले. मात्र ‘डी’ श्रेणीच्या डोक्यांपर्यंत ही कळकळ पोहोचायला अवकाश होता. तरुण कायद्याकडे वळला, राजकारणात शिरला, १९७७मध्ये न्यू यॉर्क शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत एड कॉक यांच्याकडून हरला, १९८२मध्ये त्याच कॉक यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून न्यू यॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९८४च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातील भाषणाने देशातील पहिल्या क्रमांकाचा राजकीय होतकरू बनला. यादीत अग्रक्रम आला; फक्त वरच्या मैदानावरून बोलावणे आले की जायचे एवढेच उरले.

ते बोलावणे २० डिसेंबर १९९१ रोजी, अक्षरशः विमान घेऊन, दाराशी आले. न्यू हॅम्पशायर राज्यातील प्राथमिक निवडणुकीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, शुल्क १,००० डॉलर होते, आणि न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथील धावपट्टीवर भाड्याचे विमान क्युओमोंना न्यू हॅम्पशायरच्या राजधानीत, कॉनकॉर्डला, नेण्यासाठी सज्ज उभे होते. मुदत संपायला थोडाच अवकाश असताना गव्हर्नर पत्रकारांपुढे आले आणि राज्याच्या अर्थसंकल्पाचा पेच सुटलेला नसल्याने आपण उभे राहणार नाही, असे त्यांनी सांगितले. ‘हडसनकाठचा हॅम्लेट’ हे त्यांना चिकटलेले नाव त्या दिवशी पक्के झाले. मैदान आर्कान्साच्या गव्हर्नरला, बिल क्लिंटन यांना, मोकळे मिळाले. म्हणजे एकाच हिवाळ्यात बेसबॉलच्या यादीत ब्रायन टेलर अव्वल ठरला आणि राजकारणाच्या यादीतला अव्वल स्वतःच बाजूला झाला. एकाचा खांदा गेला, तर दुसऱ्याचे काय गेले हे अजूनही नीट सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाकडे या दोन्ही प्रकारच्या जुन्या याद्यांची कात्रणे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत, आणि ते खोके रद्दीत घालण्याचा घरातील प्रस्ताव दर दिवाळीला फेटाळला जातो.

विमान न्यू हॅम्पशायरला जायचे होते, यावरून आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. त्या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांना दोन वर्षांच्या मुदतीसाठी २०० डॉलर, म्हणजे वर्षाला १०० डॉलर मानधन मिळते. हा दर १८८९पासून बदललेला नाही. राजकारणाची ही अस्सल ‘डी’ श्रेणी होय. आता याच्या शेजारी मायनर लीगच्या खेळाडूचा पगार ठेवून पाहावा. २०१८च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने २,२३२ पानांचे एक खर्चाचे विधेयक मंजूर केले आणि त्याच्या पोटात ‘सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट’, म्हणजे अमेरिकेचा विरंगुळा वाचवण्याचा कायदा, या नावाचा मजकूर सरकवला. विरंगुळा वाचवायचा तो कसा, तर मायनर लीगच्या खेळाडूने आठवड्याला कितीही तास घाम गाळला तरी किमान वेतन ४० तासांचेच द्यावे लागेल, जादा कामाचा मोबदला द्यावा लागणार नाही, आणि तेही हंगाम चालू असेपर्यंतच. तासाला सव्वासात डॉलरच्या हिशेबाने हे महिन्याला १,१६० डॉलर होतात. संघमालकांच्या बाजूने युक्तिवाद असा होता की हा पेशा नव्हे, ही उमेदवारी आहे.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थबकावे. ‘उमेदवारी’ या शब्दाचा आपल्याकडचा एक अर्थ निवडणुकीला उभे राहणे, तर दुसरा, आता मागे पडत चाललेला अर्थ म्हणजे कचेरीत किंवा वकिलाच्या हाताखाली, पुढे नोकरी लागेल या उमेदीवर, बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबणे. एकेकाळी हे दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू पडत असत, आधी एक आणि मग दुसरा. बेसबॉलने फक्त राबण्याचा अर्थ ठेवून घेतला आणि राजकारणाने फक्त उभे राहण्याचा, त्यामुळे दोन्हीकडे गणित बिघडले आहे. बेसबॉलमधील राबणाऱ्यांनी २०२२मध्ये संघटना उभी केली आणि २०२३च्या करारात ट्रिपल-एचे किमान वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर आणि सिंगल-एच्याही खालच्या नवोदितांच्या पायरीचे ४,८०० वरून १९,८०० वर नेले. मेजर लीगमध्ये यंदाचे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे, हे लक्षात घेता ही वाढ डोळे दिपवणारी नाही, पण तीन-चार जणांनी मिळून एका खोलीत गाद्या टाकून झोपण्याचे दिवस तरी सरले. राजकारणात उलट, राबण्याची पायरी चुकवून थेट उभे राहणारे प्रतिष्ठेस चढले आहेत. २०२४मध्ये कॅलिफोर्नियातून सिनेटसाठी उभे राहिलेले स्टीव्ह गार्वी हे एकेकाळचे नामांकित बेसबॉलपटू होते, पण कोणत्याही पदावर कधी निवडून आलेले नव्हते. मतदारांनी त्यांना तीन चेंडू हुकण्याइतकीही संधी दिली नाही.

क्युओमो घराण्याचा धागा मात्र अर्धवट राहिला. मारिओंचे चिरंजीव अँड्र्यू हेही तीन वेळा गव्हर्नरपदी निवडून आले, त्यांना २०२१मध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि वडील ज्या महापौरपदाच्या निवडणुकीत १९७७मध्ये हरले होते तिच्यात ते २०२५मध्ये एकाच वर्षात दोनदा हरले, जूनमध्ये पक्षांतर्गत आणि नोव्हेंबरात सार्वत्रिक. हरवणारा झोहरान ममदानी हा जेमतेम चौतीस वर्षांचा, मारिओंच्याच क्वीन्समधून राज्याच्या विधानसभेवर गेलेला, आणि वर्षाच्या आरंभीच्या मतचाचण्यांत एक टक्क्याच्या आसपास रेंगाळणारा उमेदवार होता, म्हणजे जवळजवळ ६२वी फेरी. त्याच्या धोरणांची पारख व्हायला अवकाश आहे, १ जानेवारीला शपथ घेतलेल्याला फेब्रुवारीत गुण देणे हे स्काउटच्या शिस्तीत बसत नाही, आणि न्यू यॉर्कच्या अर्थसंकल्पाचा वळणदार चेंडू भल्याभल्यांना खेळता आलेला नाही. तरीही कोणत्याही यादीत नसलेला होतकरू थेट वरच्या मैदानावर उतरण्याचे अलीकडचे ठळक उदाहरण हेच. २०२८च्या याद्या करणाऱ्यांना मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याचा जन्म कम्पालाचा आहे आणि अमेरिकेचा अध्यक्ष जन्मसिद्ध नागरिकच असावा लागतो. खोक्यातील कात्रणांत त्याचे नाव शोधण्याची तसदी त्यामुळे वाचली. यंदाच्या शंभर पिचर-फलंदाजांपैकी चाळीसाव्या नावापुढे वाचन सरकलेले नाही, ते या आठवड्यात राहूनच गेले.