आईच्या व्हिसाची फाईल

लेक जर्मनीत, तिचे पहिले बाळंतपण तोंडावर आलेले आणि आई बेंगळुरूत मुलाकडे. अशी घरे आता या शहरात कितीतरी सापडतील. डिंकाचे लाडू आणि बाळाची झबली-टोपडी यांची तयारी आधी सुरू होते, कागदपत्रे मात्र शेवटच्या आठवड्यावर राहतात. खरे तर उलट व्हायला हवे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

जयनगरमधल्या अशाच एका घरात फाईल अडली ती पहिल्याच प्रश्नावर. ही बाई या मुलीची आई कशावरून? आधी सगळ्यांना हसू आले. ट्रंक उघडल्यावर ते ओसरले. लेकीचा जन्म बेळगावचा, आईच्या माहेरचा. नोंद करायला गेलेल्या आजोबांनी आपल्या मुलीचे माहेरचेच नाव सांगून टाकले होते. सासरी तर लग्नातच नाव बदललेले, आणि पासपोर्टवर तेच. कागदोपत्री लेकीची आई निराळीच कोणीतरी!

"मग पस्तीस वर्षं संसार केला तो कोणी?" आईंनी विचारले. मुलाजवळ उत्तर नव्हते.

वडील हयात नाहीत, लग्नाची नोंद कधी झालीच नाही. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्यावे. पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये. आईंचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लेकीच्या पासपोर्टचे शेवटचे पानही जोडावे. त्या पानावर आईचे नाव छापलेले असते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मराठी किंवा कानडी कागदाचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. जुन्या कागदांवर बेळगाव आणि बंगलोर असते, नव्यांवर बेळगावी आणि बेंगळुरू. हा बदल १ नोव्हेंबर २०१४ पासूनचा. पत्रात एका ओळीत सांगितला की झाले.

खर्चाची बाजू लेकीने सांभाळायची असेल, तर तिने किंवा जावयाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून अधिकृत हमीपत्र करून घ्यावे. प्रेमाने लिहिलेले निमंत्रणपत्र निराळे आणि हे निराळे. यात पाहुण्याच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी अंगावर येते. मूळ प्रत वेळेत टपालाने मागवावी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच; "बाळ जरा मोठं होईपर्यंत" हा हिशेब तिथे चालत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. ही बाई परत येईल कशावरून? घराचा खाता दिवंगत पतीच्या नावे, फोनचे बिल मुलाच्या, गॅस सुनेच्या. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईच्या नावाचा कागद घरात शोधून मिळेना. अखेर तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे पासबुक हाती लागले. दरमहा ठरलेल्या तारखेला जमा होणारी ती रक्कम लहान असली तरी तिची स्वतःची असते. म्हणून त्या खात्याचा तीन महिन्यांचा उतारा सर्वांत वर ठेवावा. वारसा हक्काची कागदपत्रे आणि मुलाचे पत्र त्यामागून.

इथे एक मोह होतो. शेजारी सांगतात, "खात्यात चार लाख टाका, मग काढून घ्या." तसे अजिबात करू नये. अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक आलेली रक्कम कोणाच्याही डोळ्यात भरते. मुदत ठेव मोडून पैसे आले असतील तर तिची पावती जोडावी. अर्ज नाकारला गेला तर ९० युरोंचे शुल्क परत मिळत नाही, ते वेगळेच.

अर्जावर सही करताना मुलाने आईला इंग्रजी सही शिकवायला घेतली. सुनेने पासपोर्ट उघडून दाखवला. त्यावर आईंची सही मराठीत होती. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश, तशीच सही केली.