डॉक्टरीणबाईंची पाटी

भगिनींनो, तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी एखाद्या डॉक्टरीणबाईंची पाटी तुम्ही पाहिली असेलच. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकडं, आत पडदा. बाजाराच्या दिवशी त्या बाकड्यावर बसायला जागा नसते. आज आपल्याला त्या पाटीचं नवल वाटत नाही. पण बाईनं स्वतःच्या नावानं दवाखाना चालवावा, यासाठी कुणीतरी पुष्कळ सोसलं आहे. आणि पाटी दारात असूनही आपण तिचा पुरता उपयोग करून घेत नाही. या दोन्ही गोष्टी आज बोलू.

आपल्या आनंदीबाई जोशींचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्या पुण्यात वारल्या. दवाखाना चालवणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

त्याच १८८६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून कादंबिनी गांगुली नावाच्या बंगाली बाई वैद्यकीचा परवाना घेऊन बाहेर पडल्या. काही काळ त्यांनी लेडी डफरिन इस्पितळात नोकरी केली. पण वरच्या पदवीवाचून मान मिळेना. तेव्हा १८९३ मध्ये मुलंबाळं घरी ठेवून त्या विलायतेला गेल्या, स्कॉटलंडमधली परीक्षा देऊन आल्या आणि पुढे स्वतःचा व्यवसाय त्यांनी नेटानं चालवला. घरी सावत्र-सख्खी मिळून आठ मुलं होती. संसार सांभाळून त्या घरोघर रुग्ण पाहायला जात.

लोकांनी काय केलं? १८९१ साली 'बंगबासी' नावाच्या पत्रानं त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. बाई रात्री-अपरात्री घराबाहेर पडते, एवढाच तिचा अपराध! कादंबिनीबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी खटला भरला. संपादकाला शंभर रुपये दंड आणि सहा महिन्यांची कैद झाली. त्यांची आणखी एक आठवण सांगतात. एका बड्या घरी अवघड बाळंतपण सोडवल्यावर त्यांना नोकरांसारखं ओसरीवर जेवायला वाढलं, आणि वर जागा साफ करून जायला सांगितलं. घरच्यांच्या लेखी डॉक्टर काय नि सुईण काय, सारखीच! तरी बाईंनी काम सोडलं नाही. ३ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचं निधन झालं. त्या दिवशीही त्या एक शस्त्रक्रिया करून आल्या होत्या.

आता आपल्या गावाकडे या. डॉक्टरीणबाईंना शिंतोडे आजही चुकलेले नाहीत, त्यांची तऱ्हा तेवढी बदलली आहे. "बाईच आहे, फी कशाला एवढी?" असं म्हणणारे आहेत. रात्री दोनला दार ठोठावून सुटका करून घेणारे आणि पैसे मात्र सुगीवर ढकलणारेही आहेत. सरकारी डॉक्टरला महिन्याला पगार मिळतो. खाजगी दवाखान्याचं भाडं, नर्सचा पगार, यंत्राचा हप्ता बाईंना रुग्णांच्या फीतूनच काढावा लागतो. मुलं त्यांनाही आहेत, सासू-सासरे त्यांनाही आहेत. उधारी बुडाली की अशी बाई एक दिवस पाटी उतरवून शहरात जाते. मग तालुकाभरच्या बायकांनी कुठं जायचं?

खरं नुकसान मात्र आपलं आपणच करतो. खुरपणी आहे, कापूस वेचणी आहे, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. बैल लंगडला तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला निरोप जातो. घरधनीण सहा महिने कण्हत असते, तिला कुणी विचारत नाही. पुरुष डॉक्टरपुढे सांगायची लाज वाटते, हे आम्ही समजू शकतो. पण आता समोर बाईच बसली आहे ना? मग तिच्यापुढे काही लपवू नका. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर गेलं, छातीत न दुखणारी गाठ लागली, अंग बाहेर येऊ लागलं, तर कामं उरकण्याची वाट पाहू नका. पोटुशी बाईचं डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज चढली, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. तिला त्याच दिवशी न्या.

डोळे मिटून मात्र कुणावरही विश्वास टाकू नका, डॉक्टर बाई असली तरीही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे आणि चिठ्ठीवरही हवा. खाजगी इस्पितळांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावावी, असा महाराष्ट्रात २०२१ पासून नियम आहे. ती वाचा, पावती मागा. "पिशवी काढून टाका" असं कुणी सांगितलं, तर घाई करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याची ओरड झाली आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर ऐन उमेदीत हाडं ठिसूळ होऊ लागतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सरकारी इस्पितळात दाखवा. चांगल्या डॉक्टरीणबाईंना याचा राग येणार नाही.

सासूबाईंनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. सोनोग्राफीच्या खोलीत "मुलगा का मुलगी" हे विचारू नका, खूण करूनही नको. १९९४ च्या कायद्यानं सांगणाराही गुन्हेगार आणि विचारणाराही. पन्नास वेळा विनवून, नातं काढून तुम्ही त्या बाईंना संकटात घालता. त्या 'नाही' म्हणाल्या तर त्यांना शिष्ट म्हणू नका. असा दवाखाना विश्वासाचा समजा.

आणि कारभारी, हे पान तुम्हीही वाचता हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी बी-बियाण्यांच्या यादीत एक काम वाढवा. घरातल्या बाईला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. तुम्ही बाहेर बाकड्यावर थांबा, तिला आत एकटीला मोकळेपणानं बोलू द्या. फी रोख द्या. बी-भरणाला पैसा निघतो, तसा याही खर्चाला काढा.