कोव्हिशिल्ड, विषाणूचे वाहन आणि श्रद्धावंतांची राहून गेलेली मागणी

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील अनेक श्रद्धावंतांनी २०२१ साली कोव्हिशिल्ड घेतली. या लशीमुळे अतिविरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊ शकतात, असे अ‍ॅस्ट्राझेनेकाने २०२४ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांत मान्य केले आणि जुनी धास्ती पुन्हा जागी झाली. तिच्याआड एक नैतिक प्रश्नही आहे: ही लस गर्भपात झालेल्या अर्भकाच्या पेशींशी संबंधित आहे काय?

होय, दूरान्वयाने आहे. चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू येथे वाहन म्हणून वापरला जातो. त्याचे वाढीचे जनुक काढून टाकतात आणि कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक त्यात बसवतात. त्यामुळे हा विषाणू आपल्या शरीरात वाढत नाही, हीच त्याची सुरक्षितता. परंतु मग कारखान्यात तो वाढवायचा कसा? काढलेल्या जनुकाची उणीव भरून काढणाऱ्या पेशी लागतात. 'हेक २९३' या त्या पेशी १९७० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून तयार झाल्या. आज वापरात आहेत त्या त्यांच्या असंख्य पिढ्यांनंतरच्या. भारतात माकडाच्या पेशींवर वाढवलेली कोव्हॅक्सिनही होती. पण आरंभी लस निवडण्याची मुभाच नव्हती.

व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्व मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले, की निर्दोष पर्याय उपलब्ध नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे. मूळ कृत्याशी घेणाऱ्याचा संबंध अतिदूरचा आहे. लसीकरण ऐच्छिक असावे. मात्र सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्याने इतरांना संसर्ग होऊ नये याची पराकाष्ठेने काळजी घ्यावी, असेही त्यात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील पहिला ओमायक्रॉनबाधित कल्याण-डोंबिवलीतच आढळला, तेव्हा या वाक्याचे वजन आपल्या दाराशी आले होते. ज्यांनी लस घेतली त्यांनी योग्यच केले, असे आमचे मत आहे.

त्याच पत्रकातील एक भाग मात्र आपण सोयीने विसरलो. औषधकंपन्या व शासनांनी नैतिकदृष्ट्या निर्दोष लशी निर्माण कराव्यात, असे आवाहन त्यात होते. २००५ मध्ये रुबेला लशीच्या संदर्भातही व्हॅटिकनमधून अशीच मागणी झाली होती. डिसेंबर २०२१ पासून कोव्हिशिल्डचे उत्पादन बंद आहे. साथीची घाईही उरलेली नाही. सीरम इन्स्टिट्यूट तर आपल्या पुण्यातच आहे. पुढील लस कोणत्या पेशींवर वाढवणार, ही विचारणा आपल्या धर्मग्रामांतील डॉक्टरांनी व संशोधकांनी आताच करावी.