दवाखान्यांना माणसं पुरवणारी कंपनी: शेअर घेण्याआधी उधारी बघा

"दवाखाने वाढताहेत, मग त्यांना नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार पुरवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर घ्यायला काय हरकत आहे?" असं बरेच जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. या धंद्यात काम मिळतं हो, पैसा वेळेवर मिळत नाही.

आपल्या भुसावळचंच गणित मांडू. समजा, जामनेर रोडवरच्या दवाखान्यांना तुम्ही 40 माणसं दिली, पगार प्रत्येकी 15,000. झाले 6 लाख. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के आणि ईएसआय 3.25 टक्के धरला, की खर्च 6,91,500. त्यावर 8 टक्के कमिशन म्हणजे 55,320 रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण बिल निघालं 90 दिवसांनी, तर तीन महिन्यांचे 20 लाखांच्या वर पैसे तुमच्या खिशातून अडकले. महिना दीड टक्क्याने उचलले, तर व्याजच 31,000! उरलेल्या 24,000 मध्ये सुपरवायझर, ऑफिस, बोनस बसवा. वरून 18 टक्के जीएसटी. बिल आलेलं नसलं तरी तो भरावाच लागतो. दवाखान्याची सेवा जीएसटीतून माफ, त्यामुळे त्याला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो तुमचा दर आणखी पाडतो. कामगाराला हे काही सांगता येत नाही, भाऊ. त्याचा पगार 7 तारखेच्या आत द्यायचा.

आता हेच शेअर बाजारात बघा. जवळचं उदाहरण मुंबईच्या क्रिस्टल इंटिग्रेटेड सर्व्हिसेसचं. फक्त आरोग्य क्षेत्राची नाही, पण दवाखान्यांना हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, मनुष्यबळ देते. सरकारी कंत्राटांचा वाटा मोठा. मार्च 2024 मध्ये 715 रुपयांनी आयपीओ आला. नव्याने उभारलेल्या 175 कोटींपैकी 100 कोटी कशासाठी? खेळत्या भांडवलासाठी. यात वावगं काही नाही, हा धंदाच तसा आहे: काम वाढलं की आधी पैसा ओतावा लागतो.

आणि मागणीही कायम नसते. अमेरिकेतल्या एएमएन हेल्थकेअरची विक्री कोविडच्या तेजीत, 2022 ला, सुमारे 524 कोटी डॉलर होती. 2024 ला ती 298 कोटींच्या आसपास आली. तिथे तर नावाजलेली कंपनी आहे ती.

म्हणून मी विक्रीची वाढ नंतर बघतो. (मी सेबी नोंदणीकृत सल्लागार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.) आधी वार्षिक अहवालात 'ट्रेड रिसीव्हेबल्स' काढतो, त्याला विक्रीने भागून 365 ने गुणतो. उत्तर 60 वरून 110 दिवसांवर गेलं असेल आणि नफा मात्र वाढलेला दिसत असेल, तर तो नफा अजून कागदावरच आहे. मग कॅश फ्लोचं पान उघडतो. धंद्यातून आलेली रोकड लागोपाठ तीन वर्षं उणे असेल, तर फाइल बंद. शेवटी एकच शोधायचं राहतं: सगळ्यात मोठं कंत्राट किती टक्के विक्री देतं आणि त्याची मुदत कधी संपते.